दोन बाटल्यांची वाटणी

माझ्या भावाला तुम्ही गाळलंत. मारलं नाहीत, तो अजून वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर श्वास घेतोय. पण तांदळातला खडा फेकावा तसा तुमच्या मोजणीतून त्याला बाहेर फेकलात आणि वरून निरोप पाठवलात, "नियम मोडला म्हणून." मोडला, हो. आम्ही दोघांनी मिळून मोडला. म्हणून त्याची कावीळ खोटी झाली का?

तुम्ही कोण ते मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरीणबाई तुम्हाला नुसतं "वरचे" म्हणतात आणि तुमचा फोन आला की खुर्चीतून उभ्या राहतात. तेव्हा वरच्यांनो, ऐका.

आमचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. बाबांनी काढलेलं. त्यांच्या हातातून आधी किल्ली पडायला लागली, मग कानस, मग घास, आणि शेवटी छातीनेच काम सोडलं. हा आजार आमच्याकडे रक्तातून येतो. माझ्या बोटांत उतरला तेव्हा मी कुणाला बोलले नाही. भावाच्या बोटांत उतरला तेव्हा तोही बोलला नाही. एकदा खाली पडलेली एकच किल्ली उचलायला दोघं वाकलो आणि दोघांच्याही चिमटीतून ती सुटली. तो हसला. "तायडे, दुकान आता जमिनीवरच मांडू." मला हसू आलं नाही. बाबांच्या खाटेशेजारी मी बसलेली आहे. शेवट कसा असतो ते मला पाठ आहे.

भावाला सगळे पिल्लू म्हणतात. दाराच्या चौकटीला डोकं लागतं, तरी पिल्लूच.

मग तुमची चाचणी आली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. "औषध नवीन आहे. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण कोरी. तिच्यात औषध नसतं. कुणाला काय मिळालं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. तरच समजतं, गुण औषधाचा आहे की मनाचा."

"म्हणजे डब्यात साखर आहे की मीठ, ते दुकानदारालाही ठाऊक नाही," पिल्लू म्हणाला.

"तसंच काहीसं."

"झकास. आम्ही असा धंदा केला असता तर गिऱ्हाइकांनी जोड्याने हाणलं असतं."

बाई हसल्या. चांगल्या आहेत त्या. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

आता आमच्या आईचा नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घरात दोघांत एक वस्तू आली की एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. मग वाटे करणारा हात वाकडा जात नाही. खाऊ, पांघरूण, पुढे दुकानातली कामंही आम्ही अशीच वाटली. कधी तंटा झाला नाही.

त्या संध्याकाळी दोघांच्या दोन बाटल्या टेबलावर होत्या. कुणी हात लावेना.

"एकीत असेल, एकीत नसेल," पिल्लू म्हणाला.

"दोन्हींत असेल."

"दोन्हींत नसेलही. बोल, काय करायचं?"

"बाईंनी सांगितलंय, ज्याची त्याने घ्यायची."

"बाईंना भाऊ नसेल."

मी दोन्ही बाटल्या ताटात ओतल्या, बोटांनी कालवल्या, दोन ढीग केले. त्याने आधी उचलला. दर वेळी नवीन बाटल्या आल्या की हेच. एकाने जगायचं आणि दुसऱ्याला मरताना बघत बसायचं, हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नसतं.

गल्ल्यावर बाबांच्या वेळचं एक आडमुठं, गंजकं कुलूप पडलेलं असतं. रोज दुकान उघडलं की आधी मी, मग तो, त्यात किल्ली फिरवून बघायचो. ही आमची चाचणी. काही महिने ते ढिम्म हललं नाही. मग एका सकाळी माझ्या हाताखाली ते खट्‌कन उघडलं. आनंद झाला असं म्हणायला हवं, पण मला दरदरून घाम फुटला. आता गमावण्यासारखं काहीतरी होतं. पिल्लूच्या हातात ते उघडलं नाही, पण किल्ली जराशी सरकली. "हललं! तायडे, हललं!" तो शेजारच्या दुकानात जाऊन सांगून आला.

थोड्याच दिवसांत एक टॅक्सीवाला किल्ली करून घ्यायला आला आणि पिल्लूकडे बघत राहिला. "काय रे, डोळ्यांत पितळेचा कीस गेला का?" पिल्लूने डोळे धुतले. परत धुतले. मी त्याला दारात उजेडाला नेलं आणि पापणी खाली ओढली. आतून हळदीसारखं पिवळं.

इस्पितळात रक्त तपासलं. लिव्हर सुजलं होतं. जिवावरचं म्हणून बाईंनी तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही त्याच्या बाटलीचं गुपित उघडलंत. बाई परत आल्या त्या सुटका झाल्यासारख्या.

"घाबरू नका. यांच्या बाटलीत औषध नव्हतंच, कोऱ्या गोळ्या होत्या. म्हणजे हे दुसऱ्या कशाने तरी झालंय. दारू घेतात?"

"थेंब नाही."

"मग पित्ताचा खडा अडकला असेल. उद्या पोटात नळी घालून बघू."

त्या बोलत होत्या आणि मला ताटातले ते दोन ढीग दिसत होते. त्याची बाटली कोरी होती. मग हे विष आलं कुठून? माझ्या बाटलीतून. मीच कालवलं, मीच त्याच्यापुढे सारलं. आणि तेच माझ्याही पोटात आहे. बेसिनवरच्या आरशात मी माझे डोळे बघितले. पांढरे होते. कधीपर्यंत?

बाई गेल्या. पिल्लूने उशीखालून कागदाची पुडी काढली.

"काय आहे ते?"

"माझा वाटा."

"टाक! ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या? हे माझ्यातलं आलंय."

"हळू बोल. काविळीतून माणूस उठतो, तायडे. बाबांच्या आजारातून कोण उठलं?" त्याचे ओठ फुटले होते. "तू तोंड उघडलंस की तुझी बाटली बंद. कुलूप उघडतंय तुझं."

"आणि तुझं?"

"माझं हललंय. उघडेल."

आणि त्याने गोळी जिभेवर ठेवली.

मी त्याचा जबडा धरला, तोंडात बोटं घातली आणि गोळी बाहेर काढली. चावला तो मला. एवढा धिप्पाड माणूस, पण माझी पकड त्याला सोडवता आली नाही. तुमच्या औषधाचा गुण, लिहून घ्या. मग मी बाईंच्या नावाने एवढ्याने ओरडले की सगळा वॉर्ड उठून बसला.

बाईंनी ऐकलं आणि खाटेच्या कडेवरच बसल्या. "दोघांनी मिसळून?"

"वाट्याला येतील तशा."

नळीचं रद्द झालं, लिव्हरचे उपचार सुरू झाले. माझ्या बाटलीचं गुपित उघडलं, तर खरंच औषध. ती काढून घेतली. पिल्लू भिंतीकडे तोंड करून पडला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचा रंग उतरेल की नाही, बाईही सांगत नाहीत.

मग तुमचा निरोप आला. दोघंही बाद.

"त्याची कावीळ मग कुठे मोजणार?" मी विचारलं.

बाई माझ्याकडे बघेनात. "आधी कोऱ्या बाजूला धरली होती. आता कुठेच नाही."

"म्हणजे आधी कोऱ्या गोळीने कावीळ, आता कावीळच नाही, आणि तुमचं औषध निर्धोक!"

"मी वर सांगितलंय. परत सांगेन."

"ते काय म्हणाले?"

"बाहेर कुणाशी बोलू नका. लोक उगाच घाबरतील."

उगाच!

बाहेर बाकावर एक न्हावीकाका बसतात. कात्री धरता येईना म्हणून तुमच्या चाचणीत आलेले. मला बघून उठले. "ताई, परवापासून कात्री चालायला लागली! माझी गोळी खरीच दिसतेय."

मी म्हटलं, "काका, जरा खिडकीकडे तोंड करा."

"का? डोळे मारायचं वय गेलं हो माझं," म्हणत त्यांनी हसत मान वळवली. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यात, कडेला पिवळसर झाक होती. नसेलही. गेले कित्येक दिवस मला सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात.

मी त्यांना सगळं सांगितलं, ताटापासून उशीखालच्या पुडीपर्यंत. त्यांचं हसू विरलं. हातातली गोळ्यांची बाटली त्यांनी छातीशी धरली, पिल्लूने धरली असती तशीच.

"पण कात्री चालतेय ना, ताई," ते म्हणाले. आणि मग लहान पोरासारखं विचारलं, "घेऊ की टाकू?"

मी काय सांगणार? असं आणखी किती जणांना झालं ते तुम्हाला ठाऊक. माझ्या भावासारखे किती गाळलेत तेही तुम्हालाच ठाऊक. काका अजून बाकावर आहेत, बाटली हातात आहे, गोळीची वेळ होत आलीय. आता तुम्हीच या आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा. घेऊ की टाकू?