दिवस गेले

"मावशी, साचा थांबवा. साहेबांनी बोलावलंय."

मावशीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुटलेला धागा चिमटीत धरून तिने आधी जोडला, मग मान वर केली. निरोप घेऊन आलेला मुकादम कमरेत वाकलेला, तिच्याहूनही थकलेला. कातणखात्यात तरुण म्हणावं असं कुणी उरलंच नव्हतं. सूत कातायचे निम्मे साचे चादरी पांघरून पडले होते. कापूस होता, मागणी होती, हात नव्हते. मावशी एकदा रीतसर निवृत्तही झाली होती. पण कमावणारे कमी झाले तशी सरकारने पेन्शन कापली आणि गिरणीनेही परत बोलावलं, तेव्हा तिने मुकाट्याने पुन्हा डोक्याला फडकं बांधलं.

साहेब म्हणजे कामगारांचं बरंवाईट बघणारा अधिकारी. वयाने तिच्या लेकीएवढा. त्याने स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"मावशी, तोंड गोड करायला हवं! तुमच्या लेकीला दिवस गेलेत."

तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गिरणीच्या दवाखान्यातून कळतंच आम्हाला. पण ती नको म्हणते आहे. तुम्ही समजवा. दुसऱ्या मुलासाठी मोठं क्वार्टर मिळेल, भरपगारी रजा मिळेल. देशाला आज मुलांची गरज आहे, मावशी."

खोली तीच होती. भिंतींचा रंग तेवढा बदललेला. लेक लहान होती तेव्हा या टेबलामागे एक बाई बसायच्या. त्यांनीही अशीच खुर्ची दिली होती, वर चहा पाजला होता. "एक पुरे. देशाचा विचार करा. दुसरं झालं तर नोकरी जाईल, खोली सोडावी लागेल." मावशीला चौथा महिना होता. नवरा दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. तो आत आलाच नाही. गिरणीची गाडी तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि आठवडा उलटायच्या आत ती साच्यावर परत उभी राहिली. पुढे त्या विषयावर नवरा-बायको कधी बोलली नाहीत.

"साहेब, तुम्हाला भावंडं?"

"नाही. मी एकटाच."

"आणि आईवडील?"

"गावी असतात. दोघंच." तो खिडकीकडे बघू लागला. मग उगाच घसा खाकरून म्हणाला, "बोला तिच्याशी. तुमचं ऐकेल ती."

लेकीचं क्वार्टर पलीकडच्याच ओळीत होतं. या ओळींतून पूर्वी पोरांचा नुसता गलका असायचा. आता निम्म्या दारांना कुलपं होती. वाटेने मावशीने मनाशी सगळं जुळवून ठेवलं. ठेव म्हणायचं. मी नोकरी सोडते, मी सांभाळते, म्हणायचं.

लेक सासूच्या अंगाखालची चादर बदलत होती. सासूची वाचा शाबूत होती, पण ओळख पार पुसली होती. आतल्या खोलीत सासरे खोकत होते. नात कोपऱ्यात एकटीच स्वतःशी पत्ते खेळत होती, दोन्ही बाजूंनी.

"तुला कळलं वाटतं," लेक न बघताच म्हणाली.

"साहेबांनी सांगितलं."

"छान! आईच्या आधी साहेबांना." तिने चादरीचा बोळा दाराशी भिरकावला. "सांग, काय सांगायला पाठवलंय?"

"मी नोकरी सोडते. मूल मी बघीन."

"आणि बाबांचं औषधपाणी? ह्यांच्या दोन-दोन पाळ्या होऊनही भागत नाही आमचं. इकडे हे दोघं, तिकडे तुम्ही दोघं. ह्यांना भाऊ नाही, मला बहीण नाही. कुठल्या हातानं उचलू गं त्याला?"

लेक मावशीसमोर खाली बसली. आवाज उतरला.

"तुझं काय झालं होतं ते मला माहीत आहे. आत्या बोलली होती एकदा. लहानपणी फार राग यायचा तुझा. वाटायचं, मला कुणीतरी हवं होतं, आणि तू जाऊ दिलंस. आई, खरं सांग. मी ठेवावं असं वाटतं तुला?"

"वाटतं," मावशी म्हणाली. "फार वाटतं. पण ठेव असं मी सांगणार नाही. माझ्या वेळी सांगणारे पुष्कळ होते, पोरी."

लेकीने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. सासू मागून पुन्हापुन्हा विचारत होती, "कोण आलंय? कोण आलंय गं?"

पुढच्या आठवड्यात दोघी दवाखान्यात गेल्या. यावेळी गिरणीची गाडी नव्हती, बसने गेल्या. बाळंतिणींच्या वॉर्डात आता म्हातारी माणसं ठेवली होती. नर्सने लेकीला "नक्की नको?" असं तीनतीनदा विचारलं, बाहेर बसवून ठेवलं, पुन्हा विचारलं. लेक दर वेळी तेच उत्तर देत राहिली, दर वेळी आवाज थोडा बारीक होत गेला. आत नेलं तेव्हा मावशी दारापर्यंत गेली आणि तिथून हललीच नाही. कुणी बसा म्हटलं तरी बसली नाही.

सगळं उरकल्यावर ती लेकीला आपल्या घरी घेऊन आली. सासरी विसावा मिळाला नसता. तिकडे म्हाताऱ्यांपाशी आणि नातीपाशी जावई एक पाळी बुडवून थांबला होता.

मावशीचा नवरा खाटेवर पडून होता. झटक्याने त्याची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. दार उघडलं तसं त्याने आधी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, मग लेकीच्या. ती एका हाताने चौकट धरून उभी होती.

मावशी सतरंजी काढायला वळली, तेवढ्यात खाट करकरली. त्याने डाव्या हाताने भिंतीकडची कड पकडली होती. दात आवळून, थांबत थांबत, तो आपलं जड अंग पलीकडे ओढत होता. कपाळावर घाम फुटला. मावशी धावली, तशी त्याने मानेनेच नको म्हटलं. अखेर पाठ भिंतीला लागली, तेव्हा त्याने मोकळ्या झालेल्या जागेवरची चादरीची सुरकुती तळहाताने सारखी केली आणि लेकीकडे पाहिलं.