टाकीतला बैल

काकीची गाय पहाटेपासून हंबरत होती. दोनदा भरवूनही गाभण राहिली नव्हती. या खेपेलाही हुकलं तर तिला बाजार दाखवायचा, असं काकीने बजावलं होतं. दुपार टळायच्या आत पोचायला हवं, म्हणून गुरांच्या डॉक्टराने वळूंच्या थंडगार बीजाची टाकी मोटारसायकलला बांधली आणि धुरळा उडवत निघाला. फाट्यावर हवालदाराने काठी आडवी घातली.

आधी पोट पुढे आलं, मग हवालदार. देवाने दिलेलं डोकं त्याने टोपीपुरतं राखून ठेवलं होतं.

"टाकीत काय आहे?"

"बैल."

हवालदाराने गुडघ्याएवढ्या टाकीभोवती एक फेरी मारली. "टिंगल करतोस?"

"नाही साहेब. तीन आहेत. दोन बांडे, एक तांबडा."

"मग शिंगं कुठायत?"

"ती वासराला येतील, साहेब. गाय माजावर आहे, जाऊ द्या."

"दारूला बैल म्हणतोस होय? गाय थांबेल. कायदा थांबत नसतो."

"गाय थांबत नाही, साहेब. तुमचा कायदा मात्र सकाळपासून याच झाडाखाली थांबलाय."

हवालदाराने स्वतःच झाकण उपटलं आणि वास घ्यायला नाक आत घातलं. भसकन पांढरी वाफ वर आली. साहेब मागच्या मागे घाणेरीच्या झुडपात बसले. उठले ते चिडूनच, आणि आतली बीजाची एक दांडी ओढून उन्हात धरून बघत राहिले. डॉक्टर नको नको म्हणेपर्यंत उन्हाने बीजाचं व्हायचं ते झालं होतं.

"गेला," डॉक्टर म्हणाला.

"कोण?"

"तांबडा. तुमच्या हातात मेला."

हवालदाराने दांडी पटकन त्याच्या हातात कोंबली. "केवढा होता?"

"टनभर असेल. आता पंचनामा करावा लागेल. तुमच्या वरच्या साहेबांना फोन लावू?"

"मी काही बघितलं नाही." हवालदाराने रस्त्याच्या दोन्ही बाजू न्याहाळल्या. "मेलेला घेऊन नीघ इथून. आणि उरलेले नीट बांध."

डॉक्टर गोठ्यात पोचला, तेव्हा गाय अजून हंबरत होती. काकी दावं धरून उभी.

"एवढा उशीर?"

"वाटेत एकाला फार माज आला होता, काकी. तो उतरवून आलो."

काकी हसली नाही. "माणसांचं नंतर बघा, डॉक्टर," ती म्हणाली, "आधी हिचं उरका," आणि तिने शेपूट बाजूला धरलं.