बारावी दानूची, तोंड अमरेशचं

आमच्या अमरेशला एक खोड आहे. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर हाच देणार. डॉक्टरनं मला विचारलं, "आज्जी, भूक लागती का?" तर हा म्हणतो, "लागती की, दोन भाकरी खाती." पोट माझं, भाकरी माझी आणि मोजणार हा! पोटचा पोरगा आहे म्हणून सांगते, त्याच्या बारशाला चार तान्ही पोरं आली होती. हा रडायला लागला तशी बाकीची गप्प झाली.

त्याची लेक दानेश्वरी, आमची दानू, दोन हजार साली बारावी झाली. मार्क चांगले पडले. आमच्या मुरगूड गावात जो भेटेल तो म्हणाला, कॉम्प्युटरला घाला. झालं, अमरेशनं तेच धरलं. दानू मात्र गोठ्यात मला हळूच म्हणाली, "आज्जी, मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. पप्पांना सांगू कसं?" आणि त्या कॉलेजच्या अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

त्याच दिवशी अमरेश तिला घेऊन शहरात, शाहूपुरीत, इकबाल सरांकडं निघाला. कुठल्या पोरानं कुठल्या कॉलेजात जावं, ते हे सर सांगायचे. मीपण पदर खोचून एसटीत बसले.

सरांची खोली लखलखीत. त्यांनी दानूकडं बघून विचारलं, "बाळ, तुला काय आवडतं?"

"आमाला कॉम्प्युटर आवडतंय," अमरेश म्हणाला.

"विषय कुठला सोपा जातो?"

"गणित. आमाला गणित लई सोपं जातंय."

"मॅट्रिकला गणितातच दोनदा गचकलास की रं," मी म्हटलं.

"आव्वा, गप बस. मोठ्या माणसांचं बोलणं चाललंय."

मी याची आई, आणि मोठं माणूस हा!

सरांनी पुन्हा पोरीलाच विचारलं, "हॉस्टेलवर राहशील?"

"राहतो की आमी!"

"पावणं," सर म्हणाले, "लेडीज हॉस्टेलात तुम्हाला घेणार न्हाईत."

तरी हा थांबेना. मग मी चंची सोडली. दोन पानं एकावर एक, सुपारीची जाड खांडं, तंबाखू जरा सढळ हातानं. आमच्यात आईनं दिलेलं पान परत करत नाहीत. "खा," म्हटलं. त्यानं कोंबलं. थोड्याच वेळात गाल टम्म. गिळता येईना, थुंकायला जागा नाही.

"बोल गं आता," मी दानूला म्हटलं.

पोर आधी अडखळली, मग सुटलीच. आमची म्हस व्यायला अडली होती, डॉक्टर वेळेवर आला नाही, रेडकू गेलं. "तवापास्नं ठरवलंय सर. मला जनावरांचीच डॉक्टर व्हायचंय."

अमरेश दोन्ही हात हलवत "ऊं! ऊं!" करायला लागला.

"वडिलांचीपण संमती दिसते," सर गंभीर तोंडानं म्हणाले.

तो तोंड दाबून जिन्यानं खाली पळाला. तेवढ्यात सरांनी कपाटातनं जनावरांच्या कॉलेजचा अर्ज काढला. दानूनं भरला, पालक म्हणून सही मी ठोकली. वाकडी आली, पण माझी आली.

अमरेश तोंड पुसत वर आला तो चिडूनच. "आव्वा, फसवलंस तू मला! म्हशीच्या डॉक्टरणीला कोण करून घेणार?"

मी उठले आणि सरांच्या देखत म्हटलं, "अमरेशा, म्हशीला कुठं दुखतंय ते तिला सांगता येत न्हाय. तुझी लेक चांगली तोंडानं सांगतीया, ते तुला ऐकू येत न्हाय. आता अर्ज झालाय. हॉस्टेलवर ट्रंक तूच पोचवायचीस. आणि गेटावर कुणी पोरीचं नाव विचारलं, तर ते तिला सांगू द्यायचं."