पालथं पान

म्हशीचा खूर चिखलात रुतला की ठशाच्या कडा आधी उभ्या राहतात, मग हळूहळू आत ढासळतात, आणि तळातून पाणी झिरपून वर येतं. पाणी गढूळ असेल तर म्हैस नुकतीच गेलेली. निवळलं असेल तर तिला जाऊन वेळ झालेला. झऱ्याकाठच्या या ठशातलं पाणी निवळलं होतं. पुढच्या डाव्या पायाची एक नखी बाहेर फाकलेली होती. पोटावर पडलेला सावळा त्या नखीकडे बराच वेळ बघत राहिला. ही मोरी. पारडी असताना तिचा पाय दगडांच्या फटीत अडकला होता, आणि तो सोडवला होता त्यानेच.

म्हणजे घर आलं. तसं ते ठसा न बघताही त्याला ठाऊक होतं.

भोर संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या साली, हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यातून सावळा पलटणीत भरती झाला. पुढे तो विमानातून उड्या मारणाऱ्या छत्रीधारी जवानांत गेला. आता त्यांच्यातूनही वेचून काढलेल्या थोड्या जणांचं अवघड शिक्षण चाललं होतं. शत्रूच्या मुलखात एकट्याने शिरायचं, सावलीसारखं राहायचं आणि परत यायचं. ही त्यातली शेवटची परीक्षा. वरंधा घाटाच्या अंगाला प्रत्येकाला वेगवेगळं सोडलं होतं. डोंगरातून वेल्ह्याच्या छावणीवर पोचायचं. कुणाच्या नजरेला पडायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, कुणाच्या घरचं खायचं नाही. गावोगाव दवंडी दिली होती की जवान दिसला तर कळवा, साखरेची पुडी मिळेल. छावणीवर सुभेदार मानसिंग समोर उभं करून विचारणार होते, आणि जवान सांगेल तेच ते खरं मानणार होते. ज्याच्या शब्दाची झडती घ्यावी लागते तो माणूस आपल्या कामाचा नाही, असं ते म्हणत.

निघताना बरोबरच्या कुंडलिकने त्याची टर उडवली होती. सावळ्याला माणूस काही धरायचा नाही, म्हशीच त्याला धरून देतील, म्हणाला. सगळे हसले होते, सावळाही हसला होता. नकाशात दुसरी वाट होती, खालच्या ओढ्याची. ही वरची वाट आपण झाडी दाट म्हणून घेतली, असं तो दोन दिवस स्वतःला सांगत होता.

वाड्याच्या कडेला म्हसोबाचा दगड होता आणि त्याच्या मागे कारवीची जाळी. पुढचा माळ उघडा, म्हणून दिवेलागणीपर्यंत तिथेच दबून राहणं भाग होतं. जाळीतून वाडा दिसत होता. एकेकाळी झापांची, गवताने शाकारलेल्या खोपट्यांची, रांग होती; आता बहुतेकांचे नुसते खांब उरले होते. शेजारचा नाथाही आपली माणसं घेऊन खाली उतरला होता. धूर एकाच झापातून निघत होता, आणि तो त्याच्या बापाचा, रायबाचा. आई गेल्यावर कुत्र्याची सोबत होती. गेल्या थंडीत कुत्रंही बिबट्याने नेलं. उत्रोलीला दिलेली बहीण, धोंडाबाई, बापाला न्यायला दोनदा माणूस पाठवून थकली होती. रायबाचं उत्तर ठरलेलं. येत्या शिमग्याला पोराची सात वर्षं भरतात, पोरगं म्हशींमागं येतंय; तोवर वाडा कसा सोडू?

पोराने मात्र निकाल केव्हाच केला होता. विमानाच्या दारात उभं राहिलं की आपण कशासाठी आहोत हे सावळाला लख्ख कळायचं. म्हशींमागे ते कधी कळलं नव्हतं. ही परीक्षा पार पडली की पुढची वर्षंही पलटणीला लिहून द्यायची होती. दर रजेला तो सांगायचं ठरवून यायचा. रायबा विचारायचा, सावळा म्हणायचा, बघू. त्या एका शब्दावर म्हातारा पुढची रजा येईपर्यंत दिवस काढायचा.

ऊन चढल्यावर रायबा दगडाकडे आला. पाय चाचपत टाकत होता. डोळ्यांवरचा सारा, तो पांढरट पडदा, वाढलेला दिसला. हातात कुंभ्याचं पान आणि पानावर खरवस. मोरी व्याली होती तर. धनगरवाड्याची रीत अशी की म्हैस व्याली की पहिला वाटा म्हसोबाचा, आणि दुसरा घरातल्या दूर गेलेल्या माणसाचा. तो पानावर दगडापाशी ठेवायचा. कावळा खाईल, मुंगूस खाईल, पण घास त्या माणसाला पोचतो. रायबाने पान ठेवलं, सावळाचं नाव घेतलं आणि आल्या वाटेने परत गेला. हात लांबवला असता तर सावळाचा हात त्याच्या पायाला लागला असता.

बरोबरचे फुटाणे कालच संपले होते. तरी सावळा बराच वेळ नुसता बघत राहिला. कुणाच्या घरचं खायचं नाही. पण हा वाटा तर त्याच्याच नावाने ठेवलेला. शेवटी त्याने पान जाळीत ओढलं. खरवसाला चुलीच्या धुराचा वास होता. खाऊन झाल्यावर त्याने पान परत जागेवर सरकवलं, आणि इतक्या वर्षांत मेसमधल्या थाळीने जी सवय मोडली नव्हती ती हातांनी आपसूक केली. जेवणारा पोटभर जेवून उठला हे कळावं म्हणून पान पालथं घालून वर खडा ठेवायचा, ही वाड्यातली रीत. पायांचे माग पुसायला शिकलेल्या त्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नाही.

ऊन उतरलं तशा म्हशी परतल्या. मोरीच्या पाठीवर हात ठेवून रायबा दगडापाशी आला, पान उचलायला वाकला आणि तिथेच थांबला. बोटांनी त्याने खडा चाचपला, मग पानाच्या उलट्या शिरा. जाळीकडे त्याने पाहिलं नाही. पाठ करून दगडाशेजारी बसला आणि म्हशीशी बोलू लागला.

"मोरे, पान पालथं घालणारं मुंगूस म्या बापजल्मात पायलं न्हाई. शिकिवल्यालं दिसतंय. सरकारी आसंल."

मोरीने कान हलवला.

"खाली साखर वाटत्यात म्हनं. मला काय करायची? दातच ऱ्हायलं न्हाईत." त्याने मोरीच्या पायावरचा चिखल बोटाने खरवडला. "कुनी दिसलं न्हाई मला. डोळंच गेल्यात, कोन इचारनार?"

म्हणजे बापाने त्याला सोडवलं होतं. अंधार पडला की माळ ओलांडायचा, सकाळी वेल्हं गाठायचं, कुणाशी बोललो नाही म्हणायचं. आणि ते खरंच असणार होतं. सावळाने गवतात बोटं रुतवली.

रायबा पुढे बोलत राहिला, हळू, थांबत थांबत. झापाचा एक खांब वाळवीने खाल्लाय, पण शिमग्याला तरणा हात आला की नवा बसवू. नाथा म्हशी मागतोय, पण त्याला म्हणालो, सावळ्या काय राखील मग? रात्री लई मोठ्या होतात, मोरे. पण आता किती दिवसांचा प्रश्न आहे?

मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला. पान त्याने घडी घालून मुंडाशात खोचलं. मोरी पुढे निघाली, तिच्या शेपटीच्या अंदाजाने म्हाताराही निघाला. त्याच्या पाठीला बाक आल्याचं सावळाला आत्ता दिसलं. अजून थोडी पावलं, आणि पुन्हा पुढल्या रजेपर्यंत 'बघू'. खांबाला वाळवी लागलेली, डोळ्यांत सारा, आणि वाड्यात दुसरं माणूस नाही.

सुभेदार विचारतील, कुणाशी बोललास? त्यांना काय सांगावं लागेल हे त्याला माहीत होतं. कदाचित पुढल्या तुकडीबरोबर पुन्हा घाटाशी उभं करतील. कदाचित करणारही नाहीत.

तो जाळीतून उठून उभा राहिला. दोन दिवस न वापरलेला आवाज घशात खरखरला.

"आबा."

रायबा थांबला, पण वळला नाही.

"आबा, म्या म्हशींमागं येनार न्हाई. शिमग्याला न्हाई, त्याच्याम्होरंबी न्हाई. म्हशी नाथाला द्या आन् तुमी धोंडाकडं उत्रोलीला जावा. हितं माजी वाट बघू नगा."