हिरव्या खुर्चीचे पाप

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे आणि मी खोटारडी आहे. माझ्या वयाच्या वस्तू आपण केलेली सेवा सांगतात. मी आधी पाप सांगून टाकते. सेवेला जागा उरली तर पाहू.

माझा जन्म कानपूरचा. सागवानी हाडे, काथ्याचे पोट आणि वर बैलाचे तांबूस कातडे. युद्धाच्या काळात कल्याणच्या लष्करी छावणीत मी एका गोऱ्या कप्तानाला झेलले. तो माझ्या हातावर चहा सांडायचा आणि मला ‘फर्स्ट क्लास’ म्हणायचा. माझ्या वाट्याला आलेली स्तुती एवढीच. पुढे साहेब गेले, छावणीतल्या सामानाचा लिलाव झाला आणि शहाडजवळच्या गावातले शेतकरी काळुराम मला बैलगाडीत घालून घरी घेऊन आले. गाडीच्या बैलांकडे बघायचे मला धैर्य झाले नाही.

काळुरामांनी मला आणले ते आईसाठी. सखुबाईंचे गुडघे धरले होते. जमिनीवर बसल्या की उठवायला दोन माणसे लागत. पण सखुबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि कातड्याला शिवायचे नाही हा नेम. वहाणासुद्धा सोडलेल्या.

“कसलं कातडं हाय रं ह्यं?” त्यांनी दारातच विचारले.

“कातडं कुठलं, आये! रेक्झिन हाय. कापडच, वरून रोगन दिलेलं.”

“मंग रंग बैलावानी कसा?”

“तो बदलनार हाय ना!” काळुराम म्हणाले.

दवाखान्यातले रेक्झिनचे बाकडे हिरवे होते, म्हणून मीही हिरवी व्हायचे ठरले. काळुरामांनी मला धुण्याच्या सोड्याने धुतले, पॉलिशपेपरने खरवडले आणि खिडक्यांना लावून उरलेला तेलरंग दोनदा चोपडला. तिसऱ्या दिवशी सखुबाई बसल्या. “बरं वाटलं गं बाई,” म्हणाल्या. मी कुरकुरलेसुद्धा नाही. कुरकुरायला हवे होते.

आठ महिने त्यांनी माझ्यावर बसून जप केला. आठ महिने माझ्या पोटात काथ्या नव्हता, काटे होते.

कातड्यावर तेलरंग टिकत नाही, मित्रांनो. वैशाखात मला भेगा पडल्या आणि सखुबाईंच्या लुगड्यावर हिरवे ठिपके उमटले.

“आजे, तुज्या पाठीवर भात उगवलाय!” नात शकू ओरडली.

मग काळुरामांनी भिवाजींना बोलावले. ते वहाणा शिवायचे. कातडे रंगवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. सखुबाईंनी त्यांना ओट्यावर चढू दिले नाही. मलाच अंगणात उतरवले. भर उन्हात भिवाजींनी जुना रंग खरवडला, तेल मुरवले, फडक्याने नवा हिरवा रंग चोळला. पाणी मागितले तेव्हा शकूने ते वरूनच ओंजळीत ओतले. सखुबाई ओट्यावर घोंगडी टाकून बघत बसल्या होत्या.

“काय रं भिवाजी,” त्या एकाएकी म्हणाल्या, “रेक्झिनला कातड्याचा मानूस कशाला लागतो?”

काळुरामांनी भिवाजींना डोळ्याने खुणावले. भिवाजी मानेवरचा घाम पुसू लागले आणि सदऱ्याच्या आतली तुळशीची माळ बाहेर आली.

“तुज्या गल्यातपन माल हाय,” सखुबाई म्हणाल्या. “आता खरं बोल.”

“बैलाचं कातडं हाय, आये. अस्सल.”

आता आपण चुलीत, असे मी धरून चालले.

“तुज्या गुडघ्यांसाठी केलं, आये,” काळुराम खाली बघत म्हणाले.

सखुबाईंनी गळ्यातल्या माळेचे मणी चाचपले. “आठ महिने कातड्यावर बसून देवाचं नाव घेतलं,” त्या हळूच म्हणाल्या, “माल काय तुटली नाय. आनि ह्या मालकऱ्याला मी सकालपासून उनात उभा केलाय. भिवाजी, बस त्या खुर्चीवर.”

“नको, आये.”

“अजून लाजवतोस व्हय रं मला?”

“तसं नाय,” भिवाजी म्हणाले, “रंग ओला हाय.”

सखुबाई हसल्या नाहीत. दुखरे गुडघे ओढत त्या सरकल्या आणि घोंगडीवर जागा केली. “मंग हितं बस.” भिवाजी ओट्यावर चढले.

मित्रांनो, कातडे खुशाल रंगवा. पण सोड्याने धुऊ नका, तेलरंग लावू नका. रंगवणाऱ्याला आधी सावली द्या. रंगवलेले कातडेही उन्हात ठेवू नये, तडकते. त्या दिवशी मला मात्र संध्याकाळपर्यंत कोणी सावलीत हलवले नाही. मी तक्रार केली नाही.