सुप्रभाताईंची आझोरेला

मी आझोरेला बोलतेय. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. पण गाजर, जिरं, कोथिंबीर तर तुमच्या स्वयंपाकघरात रोजची. मी त्यांच्याच कुळातली. फक्त आमचं घराणं अँडीज पर्वताच्या माथ्यावरचं. तिथल्या वाऱ्यात उंच वाढून चालत नाही, म्हणून आम्ही जमिनीला बिलगून हिरव्या उशीसारख्या पसरतो. आमची वाढ फार सावकाश.

माझा जन्म मात्र एडिनबराजवळच्या एका नर्सरीतला. तिथून मला सुप्रभाताईंनी घरी आणलं. त्या लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांचे यजमान शशिधरराव मला बघून म्हणाले, "अगं, हे शेवाळ कशाला आणलंस?" कुंडीत खडी घालून ताईंनी मला बॅक गार्डनमध्ये ठेवलं.

हॉस्पिटलला निघताना त्या माझ्यावर तळहात टेकवायच्या. वॉर्डातलं एखादं मूल हातचं गेलं, की परतल्यावरही टेकवायच्या, आणि मग बराच वेळ उचलायच्या नाहीत.

पुढे ताई रिटायर झाल्या आणि हळूहळू विसरू लागल्या. आधी शेजाऱ्यांची नावं, मग स्वतःच्या लेकीचं, देविकाचं. माझ्याकडे यायचं तेवढं लक्षात राहिलं. गेल्या जानेवारीत एका सकाळी त्या अनवाणीच बाहेर आल्या. फ्रॉस्ट पडला होता. शशिधरराव धावत येईपर्यंत त्यांचे पाय निळे पडले होते.

नॉटिंगहॅमहून देविका आली. "बाबा, आई या प्लांटसाठीच बाहेर जाते ना? मग ती कुंडीच आत आणा. सिंपल!"

मला रेडिएटरशेजारी ठेवलं. सगळं मायेनंच केलेलं, तक्रार कुणाकडे करणार? त्या उबेत मी मधोमध कुजायला लागले.

एके सकाळी ताईंनी माझ्यावर हात ठेवला आणि दचकल्या.

"हिला ताप आहे. कुणी ठेवलं हिला इथे? बाहेर घ्या. आत्ता!"

आवाज थेट वॉर्डातला. शशिधरराव काकुळतीला आले. "अगं, हिला बाहेर ठेवलं तर तू पुन्हा जाशील. पडशील."

ताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ओळख काही पटली नाही.

"तुम्ही मुलीचे वडील का?" त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "घाबरू नका. मी आहे ना."

शशिधररावांनी वाकून कुंडीला हात घातला. मग म्हणाले, "हो, डॉक्टर."

त्यांनी मला उचलून बाहेर ठेवलं. आत जाऊन ताईंचा कोट आणला, खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि हाताला धरून त्यांना माझ्यापाशी आणलं. आता रोज दोघंही येतात.

माझा मधला भाग कुजलाय, कडा हिरव्या आहेत. तो भरून येईल, पण तेव्हा ताई असतील असं मला वाटत नाही.

शशिधरराव, एक मागणं आहे. कधीतरी त्या माझ्याकडे यायचंही विसरतील. तरी त्यांना कोट घाला आणि बाहेर आणा. कुठे चाललोय म्हणून विचारलं, तर एवढंच सांगा, "डॉक्टर, पेशंट वाट बघतेय."