कालवणाचा वास

रोह्याजवळच्या धाटावच्या केमिकल कंपनीतली माणसं भर पावसाळ्यात समुद्रावर जेवायला जातात, हे ऐकून शहाणी माणसं हसतील. हसोत बापडी. तेव्हा दर्या बंद असतो, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि निम्म्या हॉटेलांवर निळी ताडपत्री चढलेली असते. पण गोरख, जितेश आणि दिपिका यांना हाच काळ आवडायचा. सीझनला मुंबईकरांच्या गाड्यांमागे ताटकळून गार भाकरी खाण्यापेक्षा आता एखाद्या मावशीच्या पडवीत पाय पसरून बसावं. तिलाही सोबत होते आणि ती दोन घास जास्तच वाढते. तिघांची सुट्टी एका दिवशी आली की रोह्याहून दोन बाइक निघायच्या आणि किनाऱ्याची एकेक खानावळ पालथी घातली जायची.

जितेश आणि गोरख एकाच टाकीवरचे ऑपरेटर. जितेश तोंडाचा फटकळ, खिशात कायम सिगारेटचा लायटर. दिपिका स्टोअरमध्ये, घर मूर्तिकारांच्या हमरापूरचं, त्यामुळे गणपती जवळ आले की तिच्या नखांत मूर्तींचा गुलाबी रंग असायचाच. आणि गोरख म्हणजे या टोळीचं नाक. त्याने ताट नुसतं हुंगावं आणि मासा आजचा की कालचा ते सांगून मोकळं व्हावं, ही त्याची ख्याती.

ती ख्याती शिमग्यातच जळून गेली होती. आधी साधी सर्दी वाटली. सर्दी गेली, वास परत आलाच नाही. कशाने गेला, देव जाणे. हे ठाऊक होतं एकट्या पारीला, त्याच्या बायकोला. एकदा घरी शेगडीची ज्योत वाऱ्याने विझली, गॅस तसाच सुटत राहिला, आणि हा शेजारी बसून खुशाल बिडी पेटवायला निघाला होता. पारीने हातातली काडी हिसकावली म्हणून घर राहिलं. त्या दिवसापासून काडी ओढायच्या आधी गोरख पारीला हुंगायला लावायचा.

पण सांगणार कोणाला? टाकीवर पहिला धडाच हा, की गळती झाली तर मीटर बोलायच्या आधी नाक बोलतं. वास आला की बोंब मारायची. नाक गेलेल्याला तिथे कोण उभं करील? त्याच्या वाडीतून कंपनीत लागलेला तो पहिला माणूस. वाडीतले म्हातारे त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या पोरांना शाळेत धाडायचे. म्हणून गडी गप्प राहिला. जेवताना जितेश काय म्हणतो ते आधी ऐकायचं आणि मग त्याला फोडणी देऊन आपण म्हणायचं, असं चाललं होतं. निभावत होतं.

त्या दिवशी ते मुरुडच्या अलीकडच्या एका गावात काशीबाईंच्या खानावळीत पोचले. पाऊस लागल्यापासून गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी यांच्यासाठीच दार उघडलं. लाइट गेलेली, दुपार असून घरात अंधार, आणि पत्र्यावर पाऊस असा आपटत होता की मोठ्याने बोलावं लागत होतं.

"दर्याचं काय नाय रं पोरांनो," काशीबाई म्हणाल्या. "खाडीच्या निवट्या हायेत, चिखलातली मासळी. चालतील?"

रोह्याच्या माणसाला निवट्यांचं कालवण चालेल का, हे विचारणंच चूक. बाई आत गेल्या, भांडी वाजली. थोड्या वेळाने जितेश हात धुवायला आत जाऊन आला आणि पोटावर हात फिरवत म्हणाला, "काय वास सुटलाय रे कालवणाचा! भूकच खवळली."

"लसूण ठेचून घातलीय," गोरखने लगेच पुढे रेटलं. "आणि कोकम. मघाशीच आला मला."

दिपिकाने नाक वर केलं. "मला तर नुसता पावसाचा वास येतोय बाबा. तुमची नाकं म्हणजे धन्य."

एवढ्यात परसातून काशीबाईंची हाक आली. "एक जण या रं, शेगडी पेटवा जरा! सिलिंडर मघाशीच चालू करून ठेवलाय. मी मिरच्या तोडून येते."

गोरख दाराजवळ बसला होता, त्यामुळे उठणं त्यालाच भाग होतं. शेगडी पेटवायची म्हटल्यावर त्याला पारी आठवली. पण जितेश आत्ताच आत जाऊन आला होता आणि त्याला कालवणाचाच वास आला होता. गॅस सुटला असता तर तो बोंबलला नसता का? कालवण उतरलं असेल, आता भाकरीसाठी शेगडी हवी असेल. मनाला असं समजावत गोरख आत शिरला.

स्वयंपाकघर पावसासाठी गच्च बंद होतं. खिडकीला प्लास्टिक, मागचं दार ओढून घेतलेलं. त्याने आगपेटी घेतली, काडी ओढली. दमट हवेने सादळलेली. गूल खसकन चुरला आणि खाली पडला. त्याने दुसरी काडी काढली.

अंधाराला डोळे सरावले तशी त्याची नजर ओट्यावर गेली. निवट्या पातेल्यात होत्या, पण मिठाच्या पाण्यात, कच्च्या. लसूण सालीसकट तशीच. नारळ फोडलेलासुद्धा नव्हता. शेगडी गार, तिच्यावर धुळीचा थर.

मग जितेशला वास आला तो कशाचा?

गोरखचा हात काडीसकट हवेतच राहिला. शेगडीवर काही चढलंच नव्हतं. जितेशने थाप मारली होती. आणि अशी थाप कोण मारतं, हे साऱ्या रोहा तालुक्यात गोरखइतकं कोणाला ठाऊक असणार? आपण कुठे उभे आहोत, आपल्या गुडघ्यांपर्यंत काय साचलंय, काही म्हणता काही कळत नव्हतं. हवा नुसती हवाच वाटत होती.

"काय रे, काडी पेटत नाय?" जितेश दारातून आत आला. "सादळली असंल. हा घे." त्याने खिशातून लायटर काढला. अंगठा चाकावर ठेवलेला.

गोरखने झडप घालून ती मूठ दोन्ही हातांनी दाबून धरली.

"आरं, काय झालं?"

"दिपिका!" गोरख घसा फाडून ओरडला. "दिपिका, इकडं ये! वास बघ! मला वास येत नाय! शिमग्यापासनं येत नाय मला!"

बोलून गेल्यावर त्याला लाज वाटायलाही सवड मिळाली नाही. दिपिका उंबऱ्यापर्यंत आली आणि तिने ओढणी तोंडावर दाबली.

"गॅस! अरे केवढा गॅस! बाहेर व्हा! लाइट येईल!"

लाइट! कोपऱ्यात जुना फ्रिज होता, त्याचा प्लग तसाच लावलेला. लाइट आली आणि तिथे ठिणगी पडली तर? गोरखने जितेशला दाराबाहेर ढकललं. पुढचं त्याच्या हातांनी केलं, कंपनीत शंभरदा घोटून घेतलेलं. सिलिंडरचा खटका बंद. फ्रिजचा प्लग बाहेर. मागचं दार सताड उघडं. मग तो परसात धावला, मिरच्यांची मूठ घेऊन येणाऱ्या काशीबाईंना दंडाला धरून लांब नेलं, आणि चौघं अंगणाच्या टोकाला पावसात उभी राहिली. सगळ्यांची पाचावर धारण बसलेली.

बऱ्याच वेळाने लाइट आली. पडवीतला बल्ब लागला मात्र, चौघंही एकदम खाली बसली. बल्ब आपला जळत राहिला.

पाऊस ओसरल्यावर पाहिलं तर गॅसची नळी उंदरांनी कुरतडली होती. बंद घरात त्यांचंच राज्य. काशीबाई दिपिकाचा हात सोडेनात. "माझ्या दारात पोरं जळली असती गो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

जितेश एका बाजूला भिजत उभा होता. लायटर त्याने केव्हाच चिखलात फेकला होता.

"दिवाळीपासनं," तो म्हणाला. "मला दिवाळीपासनं येत नाय."

"मग एवढे दिवस..." गोरखने विचारलं.

"तुझ्या नाकावर होतो ना मी! तू म्हणायचास मासा ताजा, की मी म्हणायचो ताजा. पुढं तू आधी बोलेनास, तवा मीच काहीबाही फेकायचो, अन् तू होय म्हटलंस की सुटलो. हितंही तसंच, अन् टाकीवर पण. म्हटलं, गोरख हाय सोबत, काय सुटलं तर त्याला कळंलच."

"आणि मी तुझ्या नाकावर," गोरख म्हणाला.

त्याला हसू फुटलं, पण क्षणभरच. शिमग्यापासून ते दोघं एकाच टाकीखाली उभे होते. पलीकडच्या शेडमध्ये माणसं डबे खात होती, भिंतीबाहेर रस्ता होता, रस्त्यापलीकडे गाव. सगळे निर्धास्त, कारण टाकीवर दोन ऑपरेटर होते. मघाच्या स्वयंपाकघरात तो भ्याला नव्हता इतका तो आता भ्याला.

काशीबाईंनी कोणाला उपाशी जाऊ दिलं नाही. परसातल्या चुलीवर लाकडं लावून कालवण केलं. ताटं आली. दोघं खाली मान घालून बसलेले पाहून दिपिका हळूच म्हणाली, "लसणीचा येतोय. खोबरं जरा जास्तच भाजलंय. कोकम आहे. आणि धूर." जितेशने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

सकाळच्या शिफ्टला दोघांची ड्युटी त्याच टाकीवर होती. गोरखने उष्टा हात धुतला, फोन काढला आणि शिफ्टच्या साहेबांचा नंबर लावला. वाडीतले म्हातारे त्याच्या डोळ्यांपुढून गेले, मग पारीही. पलीकडे फोन उचलला गेला.

"साहेब, गोरख बोलतोय. उद्या मला टाकीवर उभा करू नका. मला वास येत नाय."

पलीकडून काहीतरी चढ्या आवाजात विचारलं गेलं. तेव्हा जितेशने पुढे होऊन हात पसरला.

"दे इकडं," तो म्हणाला. "माझं मलाच सांगू दे."